तबक धरणारी

२० जानेवारी २००७, शनिवार

मधुमतीकडचं संक्रांतीचं हळदीकुंकू आटोपून आत्ताच आले. पाय गरम पाण्याच्या टबात आहेत आणि डायरी मांडीवर. तारांवर अजून परवाचे फाटके पतंग लटकताहेत. ते उतरवणं जयपूरची महापालिका आपलं काम समजत नाही.

बायका भरपूर आल्या. मंडळातल्या आल्याच, शिवाय लष्कराच्या वसाहतीतल्या नव्या तिघी. त्यांपैकी एकीने मला आपादमस्तक न्याहाळलं. विधवा बाई हातात करंडा घेऊन सगळ्यांना कुंकू लावतेय हे तिच्या पचनी पडेना. मी तिला जरा जास्तच ठसठशीत लावलं.

प्रभाकर गेले त्यानंतरच्या पहिल्या संक्रांतीला मी दार लावून बसले होते. समोरच्याच फ्लॅटमधून मधुमती आली, मला हाताला धरून ओढत नेलं, सगळ्यांदेखत माझ्या कपाळी कुंकू लावलं आणि करंडा माझ्या हातात दिला. म्हणाली, "तारा, आजपासून माझ्या घरचं हळदीकुंकू तू लावायचंस." दोन बायका वाण न घेता उठून गेल्या. मधुमती म्हणाली, "जाऊ देत, दोन डबे वाचले." त्या दिवशी ती माझी बहीण झाली. शाळेत सिस्टर दयेवर तासन् तास बोलायच्या. पण दया म्हणजे काय ते मी मधुमतीच्या हॉलमध्ये शिकले.

तेव्हापासून कुंकू मी लावते आणि ओटी ती भरते. गेली काही वर्षं माझ्या शेजारी कीर्ती तबक धरून उभी असते. कीर्ती म्हणजे मधुमतीच्या यजमानांच्या, सर्जेरावांच्या, चुलतभावाची नात, पाटणकडची. आईबाप गेले तेव्हा तेरा वर्षांची असताना मधुमतीने आणली. आता एकोणीस-वीसची असेल. कामाला वाघ आहे. सर्जेरावांना अर्धांगवायू झाल्यापासून त्यांना उचलणं, पुसणं, भरवणं सगळं तीच करते.

आज मंडळातल्या सुनंदाने खोचकपणे विचारलं, "साताऱ्याकडची मुलगी आणि मराठीचं अक्षर येत नाही?"

मी म्हटलं, "तुमचा नातू पाणी मागताना काय म्हणतो? 'दादी, पानी दो ना.' तो कुठला, काबूलचा?"

सगळ्या हसल्या. इथे वाढलेल्या पोरांचं मराठी असंच. आमचा अभिजितसुद्धा दर वाक्यात 'मतलब' घालतो.

मी जिना झाडणाऱ्या मीराबाईलाही वर बोलावून कुंकू लावलं, वाण दिलं. लष्करवालीने परत डोळे मोठे केले. मजा आली. तबकातली हळद संपत आली तशी कीर्तीने न सांगता आत जाऊन भरून आणली. अशी मुलगी घरात असायला नशीब लागतं.

निघताना सर्जेरावांना भेटायला आत गेले. त्यांनी डाव्या हाताने माझा पदर पकडला आणि घशातून आवाज काढत कीर्तीकडे बोट दाखवत राहिले. तिळाची वडी हवी असेल म्हणून मी तोंडात घातली, तर थुंकून टाकली. आजार माणसाला किती कडू करतो!

२४ फेब्रुवारी २००७

महिला मंडळाची बगरूची सहल. ठशांच्या चादरी आणायच्या होत्या. निघताना मधुमतीने दाराला बाहेरून कुलूप घातलं. म्हणाली, "हे आत एकटे, आणि ही पोरगी भोळी. कुणीही दार वाजवलं तर उघडेल." बरोबरच आहे. दिवस कसे आहेत! तिच्या पर्सची चेन बिघडली होती, म्हणून किल्ली माझ्याच पर्समध्ये टाकली.

बगरूला मधुमतीने घासाघीस करून छापणाऱ्याला इतकं दमवलं की त्याने हात जोडून चहा मागवला.

परतलो तेव्हा दिवे लागले होते. मी कुलूप काढलं तर कीर्ती दाराच्या आतच उभी, जणू सकाळपासून हललीच नव्हती. मधुमती म्हणाली, "बघ, कशी वाट बघते!" आजकाल पोटची मुलं दारात उभी राहत नाहीत.

१२ एप्रिल २००७, गुरुवार

झोप येत नाही. रागाने.

सकाळी अकराला मधुमतीच्या दारात पोलीस, मजूर खात्याचा एक माणूस आणि कुठल्याशा संस्थेच्या दोन बायका. विचारतात काय, "सलोमी यहाँ रहती है?" मधुमती शांतपणे म्हणाली, "इस नाम का यहाँ कोई नहीं।" मी मध्ये पडले. त्या फौजदाराला इंग्रजीत असा झाडला की त्याने टोपी काढून परत घातली. मी सांगितलं, मी समोर राहते, केंद्र सरकारच्या कचेरीत तीस वर्षं नोकरी केलेली बाई आहे, या घरात सलोमी नावाची चिमणीसुद्धा नाही.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून कीर्ती आली. दोन्ही हात कणकेने माखलेले. म्हणाली, "मैं हूँ।"

इतक्या मोठ्याने बोलताना मी तिला प्रथमच ऐकलं.

मधुमती ओरडली, "आत जा!" ती गेली नाही. संस्थेच्या बाईने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि घेऊन निघाली. मी म्हटलं, "अहो, निदान चपला तरी घालू द्या पोरीला!" स्वतः दाराशी शोधल्या. मधुमतीच्या होत्या, सर्जेरावांचे जुने बूट होते, तिच्या काही सापडल्या नाहीत. गडबडीत कुठे सरकल्या कोण जाणे. एप्रिलच्या उन्हात अनवाणी नेली तिला त्या दयाळू लोकांनी.

आतल्या खोलीत सर्जेराव डाव्या हाताने उशी थोपटत होते, एकसारखे. बिचारे घाबरले असतील.

मधुमतीला दुपारी ठाण्यावर नेलं. कोंडून ठेवलं, सक्तीने राबवलं असा गुन्हा. चुगली कुणी केली? खालच्या मजल्यावरचे माथुर? दूधवाला? सर्जेरावांना व्यायाम द्यायला येणारा तो केरळी पोरगा सकाळपासून फिरकला नाही, तेही नोंदवून ठेवते.

१५ एप्रिल २००७, रविवार

संस्थेची मुलगी माझ्याकडे जबाब घ्यायला आली. नाव मैत्रेयी. मराठी! मला वाटलं होतं कुणी परकी असेल. आपलीच पोर आपल्याच माणसांच्या मुळावर.

"मावशी, तुम्ही रोज तिला बघत होता."

"बघत होते म्हणूनच सांगते. अंगभर कपडे होते, पोटभर अन्न होतं, घरच्यांत ऊठबस होती. पगार विचारू नकोस. घरच्या मुलीला कुणी पगार देत नाही."

"म्हणूनच तिला घरची मुलगी केलं, मावशी. ती झारखंडची आहे. दिल्लीच्या एका एजंटाने आणून विकल्यासारखी दिली. नाव सलोमी."

"सलोमी! म्हणजे मिशनऱ्यांचा हात आहे तर. मी अकरा वर्षं कॉन्व्हेंटात काढलीत. सिस्टरने छडीने हात सुजवले पण माझं नाव नाही बदललं."

"हिचं बदललं," ती म्हणाली. "तुमच्या मैत्रिणीने."

उद्धट! मी उठून दार उघडलं. ती चपला घालता घालता थांबली आणि विचारते, "मावशी, तिच्या चपला कुठल्या रंगाच्या होत्या हो?"

"मी काय लोकांच्या पायांकडे बघत बसते?"

ती नमस्कार करून गेली. असले खोचक प्रश्न यांना शिकवतात वाटतं कुठेतरी. विचारायचं एक आणि सुचवायचं भलतंच.

६ मे २००७

मधुमती जामिनावर आल्यापासून आज प्रथमच नीट बोललो. वाळली आहे. सर्जेरावांसाठी दोन माणसं ठेवावी लागली. एक दिवसाचा, एक रात्रीचा, आणि दोघेही तक्रार करतात. "एवढं कसं करायची गं ती एकटी," मी सहज म्हणाले. मधुमतीने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

मग ती सांगू लागली. सर्जेरावांच्या गावची कुणी ओळखीची बाई होती, तिने ही मुलगी दिल्लीला हर्षालीकडे सोडली, हर्षालीने इथे आणली. हर्षाली म्हणजे तिची लेक.

मी म्हटलं, "पण तू तर चुलतभावाची नात म्हणाली होतीस."

"तेच ते."

"तेच कसं? नात वेगळी, ओळखीच्या बाईने सोडलेली वेगळी."

"आता तूही पोलिसासारखं विचारणार का, तारा?" आणि रडायला लागली. मला इतकं लाजल्यासारखं झालं! संशय हा माझा जुना रोग. प्रभाकर म्हणायचे, तू देवळात गेलीस तर देवाचाही पत्ता पडताळून घेशील. पण माणसाने एक दार तरी असं ठेवावं जिथे संशय बाहेर काढून ठेवता येईल, आणि माझं ते दार समोरचं आहे.

तिचे वकील भार्गव आले होते. पान खातात आणि गोड बोलतात, म्हणून मला आवडले नाहीत. म्हणाले, सगळा खटला एका गोष्टीवर आहे. मुलगी घरातली होती की नोकर होती? घरातली ठरली तर सरकारचा दावा पडला. "आप जैसी पढ़ी-लिखी महिला कह दें, तो मजिस्ट्रेट मानेंगे।" मधुमती माझ्याकडे बघत होती. मी हो म्हटलं. नाही तरी खरंच सांगायचं आहे.

अभिजितचा पुण्याहून फोन. "आई, मतलब तू कशाला कोर्टात पडतेस?" मी म्हटलं, मी पडत नाही, उभी राहतेय.

१९ नोव्हेंबर २००७, सोमवार

कोर्ट. आज कीर्तीची साक्ष होती. मला वाटलं ऐकायला मिळेल, तर शिपायाने बाहेर काढलं. ज्याची साक्ष व्हायची त्याने दुसऱ्याची ऐकायची नसते म्हणे. मी काय ऐकून बदलणार आहे?

व्हरांड्यातल्या बाकावर ती मैत्रेयीबरोबर बसली होती. मला जिना चढून येताना बघताच उठली, पुढे आली, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि भिंतीला लागून उभी राहिली. मी बाकावर बसले तरी ती उभीच. मैत्रेयी तिला म्हणाली, "बैठ जाओ, सलोमी। तुमको उठना नहीं है।" तरी तिला बसायला वेळ लागला.

मी मैत्रेयीला सुनावलं, "बघितलंस? याला माया म्हणतात. ही काय छळ झालेल्या माणसाची लक्षणं आहेत?"

मैत्रेयीने तिच्या हातातली माझी पिशवी काढून माझ्या शेजारी बाकावर ठेवली. हल्लीच्या मुलींना मोठ्यांचा मान कसा तो नाही.

संध्याकाळी मधुमती संतापलेली. "काय काय बोलली माहितीये? म्हणे सहा वर्षांत एकदाही जिना उतरू दिला नाही. म्हणे खरं नाव सांगितलं त्या दिवशी जेवायला दिलं नाही. म्हणे घरी चिठ्ठी पाठवू दिली नाही. एवढं मीठ खाल्लं माझं!"

मी म्हटलं, सगळं खोटं आहे, शांत हो. घरी येऊन आठवत बसले की ती मला जिन्यात कधी भेटली होती. दुधाच्या बूथवर? गणपतीत? गणपतीला मंडळाचा हॉल रस्त्यापलीकडेच आहे. मधुमती दर वर्षी म्हणायची, "यांच्यापाशी कुणीतरी हवं ना." खरंच आहे. कुणीतरी हवंच.

आठवलं नाही याचा अर्थ झालं नाही असा होत नाही. माझं वय झालं.

३० ऑगस्ट २००८

तारखा, तारखा, आणि तारखा. सरकारी वकील म्हणजे कुणी मीणा नावाची तिशीतली बाई. खांद्याला कापडी पिशवी, त्यात फायलींबरोबर टिफिन. मला वाटतं तिला हा खटला बढतीसाठी हवाय. भार्गव म्हणतात, तिच्याकडे फार काही नाही. मुलीच्या अंगावर वळ नाहीत. व्यायाम देणाऱ्या पोराची साक्ष झाली, चुगली त्यानेच केली होती (मी नोंदवून ठेवलं होतं!), पण त्याने म्हणे सांगितलं की त्याला सर्जेरावांनी खुणेने सांगितलं. सगळं कोर्ट हसलं म्हणे. ज्याला बोलता येत नाही तो साक्षीदार!

सर्जेराव जूनमध्ये गेले. आता त्यांना कोण विचारणार?

१७ जानेवारी २००९, शनिवार

बुधवारी माझी साक्ष. त्याआधी मधुमतीने हट्टाने हळदीकुंकू केलं. लोकांना दिसलं पाहिजे म्हणाली. तिला स्वतःला या वर्षी कुंकू कोण लावणार हा प्रश्नच नव्हता. आल्या आल्या मीच लावलं. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, मीही. तेरा वर्षांपूर्वी तिने माझं कपाळ मला परत दिलं होतं, आज मी तिचं तिला दिलं.

बायका फार थोड्या आल्या. सुनंदा आली, ती बातमी न्यायला.

तबक धरायला कुणी नव्हतं. स्टुलावर ठेवलं होतं. प्रत्येक बाईला लावताना मला वाकून हळद घ्यायची, वाकून कुंकू घ्यायचं. माझी कंबर मोडली. तबक आपोआप हाताशी येतं असंच मला इतकी वर्षं वाटत होतं.

भार्गवांनी २००७ च्या हळदीकुंकवाचा फोटो मोठा करून आणलाय. मधे मी, सुनंदाला कुंकू लावतेय. एका बाजूला मधुमती, दुसऱ्या बाजूला नव्या साडीत कीर्ती. हा फोटो बघितल्यावर कुठला न्यायाधीश म्हणेल की ही नोकर आहे? मीही म्हटलं, उत्तम आहे.

रात्री जेवताना उगाच बेचैन वाटत होतं. वड्या जास्त खाल्ल्या.

२१ जानेवारी २००९, बुधवार

जसं झालं तसं लिहिते. सजवून लिहायची शक्ती नाही.

पिंजऱ्यात उभं राहून मी पहिलं उत्तर इंग्रजीत दिलं. मॅजिस्ट्रेट म्हणाले, "माताजी, हिंदी में।" सुरुवातच अपमानाने झाली.

भार्गवांनी ठरलेलं विचारलं. मी किती वर्षं समोर राहते, मुलगी कशी राहायची. मग फोटो दिला. "ये लड़की इस घर में किस हैसियत से थी?" मी म्हटलं, "घर की बेटी की तरह।" मधुमतीने डोळे मिटून घेतले. भार्गव बसले. मला वाटलं, संपलं.

मीणाबाई उठली. मी तयारीत होते की ती ओरडेल, खोटं पाडेल. तिने फोटो माझ्यासमोर ठेवला आणि साधेपणाने विचारलं, "मैडम, हम लोग ये नहीं जानते। इसमें हो क्या रहा है?"

मला बरं वाटलं. निदान शिकायची इच्छा आहे. मी सविस्तर सांगितलं. हे आमचं हळदीकुंकू. त्या दिवशी घरात जी बाई असेल, जी मुलगी असेल तिला कुंकू लावतात. घरची लेक, पाहुणी, कडेवरची तान्हीसुद्धा. जात बघत नाही, निदान आम्ही तरी नाही. जिना झाडणाऱ्या बाईलाही मी लावलं होतं. कुणाचंही कपाळ रिकामं जात नाही.

"किसी का नहीं?"

"किसी का नहीं।"

"लगाता कौन है?"

"मैं।" अभिमानाने म्हणाले.

तिने फोटोवर बोट ठेवलं. "इसका?"

मी चष्मा पुसला आणि परत बघितलं. मीणाबाईलाही कल्पना नव्हती तिने काय विचारलंय. ती नुसती एकेक कपाळ बघत आली होती. सुनंदाच्या कपाळी कुंकू, मधुमतीच्या, माझ्या, मागच्या लष्करवालीच्या, दाराशी उभ्या मीराबाईच्या. तबक धरलेल्या मुलीचं कपाळ कोरं. तिच्या हातातलं तबक माझ्याच कोपराशी.

मी मनातल्या मनात मागच्या संक्रांती काढल्या. एकाही वर्षी मला आठवेना.

भार्गव उठून म्हणाले याचा खटल्याशी संबंध नाही. तेवढ्यात मधुमती तिच्या जागेवरून मराठीत घाईघाईने म्हणाली, "तारा, सांग ना, ती तेव्हा बाजूला होती म्हणून. चार दिवसांची."

मॅजिस्ट्रेटने वर बघितलं. "इन्होंने क्या कहा?"

कोर्टात ती भाषा कळणाऱ्या आम्ही दोघी, आणि मागे बसलेली मैत्रेयी. मैत्रेयी खाली बघत होती. मधुमती माझ्याकडे बघत होती. माझा हात धरून ओढत नेलं होतं तेव्हा होती तशीच नजर. नुसतं 'जी, यही बात थी' म्हणायचं होतं.

मी म्हटलं, "ये कह रही हैं कि लड़की उस दिन मासिक धर्म में थी, इसलिए कुंकू नहीं लगाया।"

"ये सही है?"

"नहीं," मी म्हटलं. "तो फिर तबक कैसे पकड़ती? इनके घर में उन दिनों में कोई पूजा की चीज़ को छूता नहीं। मुझे भी कभी छूने नहीं दिया।"

कोर्टात कुणाला काही कळलं नसावं. टंकलेखक थांबून बघत होता. मीणाबाईला कळलं. अगदी हळू आवाजात म्हणाली, "तो क्यों नहीं लगाया?"

"सूझा ही नहीं।"

"घर की बेटी को लगाना नहीं सूझा?"

मी पिंजऱ्याची कड धरली. "वो घर की बेटी नहीं थी। बेटी होती तो सूझता।"

मग तिने कुलपाचं विचारलं. मी सांगितलं, हो, बाहेरून असायचं. बगरूच्या दिवशी किल्ली कुणाकडे होती? माझ्याकडे. कुणी काढलं? मी.

मी उतरले. मधुमतीच्या समोरून जावं लागलं. तिने तोंड फिरवलं नाही. तसं केलं असतं तर बरं झालं असतं.

२ फेब्रुवारी २००९

रथसप्तमी. समोरचं दार बंद. जिन्यात सुनंदा भेटली. म्हणाली, "तारामावशी, एका परक्या मुलीसाठी तुम्ही आपल्या बाईला..." वाक्य पुरं केलं नाही. मी बाजूला सरकून तिला जायला वाट दिली. मंडळाच्या सहलीचा निरोप यंदा मला आला नाही. आमेरला गेल्या होत्या सगळ्या. जाऊ देत, मला आमेर पाठ आहे.

सकाळी आरशासमोर करंडा उघडला आणि तसाच मिटवला.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. सर्जेराव त्या दिवशी माझा पदर ओढून तिच्याकडे बोट दाखवत होते, आणि मी त्यांच्या तोंडात वडी कोंबली.

१६ मार्च २००९, सोमवार

निकाल. कोंडून ठेवणं आणि सक्तीची मजुरी, दोन्ही सिद्ध. मधुमतीला एक वर्ष. अपील होईपर्यंत जामीन मिळाला. हर्षालीवर दिल्लीत वेगळा खटला चालेल म्हणे. एजंटाचा पत्ता कुणालाच लागला नाही. मला भार्गवांपेक्षा त्या एजंटाचा राग येतो, आणि त्याच्यापेक्षाही... पण ते असो.

मॅजिस्ट्रेटनी निकालपत्रात माझ्या साक्षीतलं एक वाक्य वाचून दाखवलं. पंख्याच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही.

मी पर्समध्ये करंडा घेऊन गेले होते. ठरवूनच. व्हरांड्यात ती मैत्रेयी आणि मीणाबाईबरोबर उभी होती. मला बघून या वेळी पिशवी घ्यायला पुढे आली नाही. मीच गेले. करंडा उघडला, बोट कुंकवात बुडवलं आणि हात पुढे केला. माझे डोळे भरून आले होते, तिचेही येतील असं वाटलं होतं.

ती एक पाऊल मागे सरकली.

"नहीं आंटी।"

"अरे, मैं तो..." मी हात तसाच धरून म्हटलं, "उस दिन रह गया था, इसलिए।"

तिने माझ्या बोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. रागाने नाही. लहान मुलाला समजावतात तसं म्हणाली, "मुझे टीका नहीं चाहिए था, आंटी। मुझे बाहर जाना था।"

मीणाबाईने घड्याळ बघितलं. त्यांना रांचीच्या गाडीचं तिकीट काढायला स्टेशनवर जायचं होतं. मैत्रेयीने मला नमस्कार केला, मी मान लववली.

सलोमी जिना उतरली. एकेक पायरी, कठड्याला हात न लावता. बोटाचं कुंकू पुसायला मला रुमाल सापडेना, म्हणून मी तशीच कठड्याशी उभी राहून खाली बघत होते.

तिच्या चपला निळ्या आहेत. पट्ट्याला पांढरी शिवण आहे.